चुरगळलेला चालेल

गजभिये बाई नमस्कार करायच्या आधी तुमचं कापड चिमटीत धरायच्या. नागपुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत मी नोकरीला लागले, त्या पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने घेतलेली नायलॉनची साडी नेसून गेले होते. शिवण शिकवणाऱ्या या बाईंनी सगळ्यांदेखत माझा पदर चिमटीत चोळला आणि म्हणाल्या, "काहून वं पोरी, या उकाड्यात शिजून मरायचं हाये का तुले?" असा राग आला म्हणून सांगू! पुढे याच बाईंशी माझी गट्टी जमली आणि ती त्या जाईपर्यंत टिकली.

स्वतः बाई बारा महिने सुती साडीत. "अंगाले हवा लागली पाहिजे. माणूस हाये, लोणच्याची बरणी नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

सत्तरच्या दशकात टेरिलीन या कृत्रिम कापडाचं वेड आलं. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, टापटिपीच्या फार भोक्त्या. प्रार्थनेला जिचा गणवेश चुरगळलेला, तिला भिंतीपाशी वेगळं उभं करायच्या. टेरिलीनला सुरकुती पडत नाही, म्हणून त्यांनी आधी आठवीला टेरिलीनचा गणवेश लावला. पुढच्या जूनपासून तो सगळ्या शाळेला लागणार होता. वर पत्र्याचं छप्पर आणि अंगात टेरिलीन! मार्च उजाडला तशा पोरी पाठी खाजवून हैराण झाल्या. त्या कापडाला औषधासारखा वास यायचा, कितीदा धुतलं तरी जायचा नाही. आठवीतल्या नंदाच्या पाठीवर घामोळी फुटून जखमा झाल्या होत्या, त्या गजभिये बाईंनी पाहिल्या आणि कंबर कसली.

"पोरींच्या आयाच नाही म्हणाल्या तर मोठ्या बाई काय करतीन?" असं म्हणून त्यांनी मला सायकलरिक्षात कोंबलं. महाल भागातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या, पार नंदनवन वस्तीपर्यंत गेलो. प्रत्येक दारात तेच भाषण: "पोरी उकडून राहिल्या, सुती मागा." आया चहा द्यायच्या, मान डोलवायच्या, पण हो काही म्हणायच्या नाहीत. बाईंचा नुसता जळफळाट.

शेवटी नंदाच्या आईने तोंड उघडलं. "सुती काहून मागू बाई? आमच्या घरी इस्तरी नाही. तांब्यात निखारे टाकून फिरवत होती मी, तरी माही पोरगी रोज भिंतीपाशी उभी. टेरिलीन आल्यापासून एक दिवस उभी नाही राहिली. पाठीले तेल लावते मी. लाजेले काय लावू?"

गजभिये बाईंनी चहा अर्धाच ठेवला आणि मला हाताला धरून बाहेर आणलं. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "आपण आयांशी काहून भांडून राहिलो वं? चाल, मोठ्या बाईंकडे."

तिथे त्यांनी सरळ विषयाला हात घातला. "गणवेश सुती करा, अन् चुरगळलेला चालेल असं सांगून टाका."

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्याच. "ही शाळा आहे की धर्मशाळा? पाहुणे आले तर काय म्हणतील?"

"पाहुणे घडीभर येतात, बाई. पोरी दिवसभर बसतात." मग गजभिये बाईंनी नंदाच्या आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, लाजेसकट. मोठ्या बाई तापट होत्या, दुष्ट नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला. "आयांना बोलवा," एवढंच म्हणाल्या.

सभेत त्यांनी उभं राहून सांगितलं, "जूनपासून गणवेश सुती. चुरगळलेला चालेल." मागून कुणीतरी ओरडलं, "पुन्हा एकदा म्हणा जी!" असा हशा पिकला! मोठ्या बाईंनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी त्यांनाही हसू आवरलं नाही.

आता गजभिये बाई नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला त्या जूनमधली पहिली प्रार्थना दिसते. नंदा नव्या सुती गणवेशात आली, तिने खाली चुरगळलेल्या घोळाकडे पाहिलं आणि कुणी काही न सांगता आपणहून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मोठ्या बाई पायऱ्या उतरल्या, तिच्यापाशी गेल्या, हात धरून तिला रांगेत आणलं आणि म्हणाल्या, "तुझी जागा इथे."

माझ्या शेजारी गजभिये बाई ढसाढसा रडत होत्या. प्रार्थना सुरू झाली तरी थांबेनात. रडता रडता मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "पाह्य वं, मोठ्या बाई कशा झकास चुरगळल्या!"