चारचौघांत खाल्लेली बोलणी

२००४ साली समा या गुजराती वस्तीच्या भागातल्या एका सोसायटीत अवंती सुर्वे शिकूनसवरून घरी बसली होती. निदान शेजाऱ्यांना तसं वाटे. खरं तर ती दिवसभर लिनक्सवर काम करी. संगणक चालवणारी ही प्रणाली जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि तिच्यातली ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा घरचा स्वस्तातला मोडेम तिच्यावर चालेना, म्हणून अवंतीनं दुरुस्ती लिहायला घेतली आणि आयुष्यभर हेच करायचं, असं ठरवून टाकलं.

पहिली दुरुस्ती लिनक्सच्या जाहीर मेल-यादीवर पाठवली. ती तपासणाऱ्या जर्मन गृहस्थांनी साऱ्यांना दिसेल असं उत्तर दिलं, "हे चालवून पाहिलंत का?" दुसऱ्या खेपेला, "तुमचा मोडेम सुरू झाला, बाकीचे बंद पडले."

अवंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात कुणाला बोलायचं तर आत बोलावून बोलत. तिनं विनंती केली, की माझे मेल कृपया पुसून टाकावेत. उत्तर आलं, "इथलं काही पुसत नाहीत." ती विनंतीही तिथंच राहिली, कायमची!

"बाबा, नोकरी देणारा कुणीही हे वाचेल."

जनार्दनराव बाजव्याच्या रिफायनरीत फिटर होते. त्यांनी विचारलं, "तो माणूस खोटं बोलतोय का?"

"नाही ना! तेच तर."

"मग दुरुस्त कर. आणि रडायचंच असेल तर इंटरनेट बंद कर, फोन तरी मोकळा होईल. मावशी केव्हाची लावतेय."

अवंती सोसायटीत दारोदार मोडेम मागत फिरली. "लई जा ने, दीकरी!" घेऊन जा की, असं गुजरातीत म्हणत शेजारच्या दक्षाबेननी आपला वायरीसकट काढून दिला. तिसऱ्या खेपेलाही बोलणी बसली, पण थोडी. चौथ्या उत्तरात एवढंच होतं, "दुरुस्ती घेतली. धन्यवाद."

पुढं बेंगळुरूच्या एका कंपनीत मुलाखतीला गेली, तर साहेब म्हणाले, "तुमचे मेल वाचलेत. पुसायला सांगितलंत, तोही."

अवंतीनं मान खाली घातली.

"पण एकदाही सबब सांगितली नाहीत. लिनक्सवरच काम आहे. कधीपासून येता?"

दुसऱ्या आठवड्यात रिफायनरीच्या बसमध्ये जनार्दनराव पेढे वाटत होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "जनार्दनभाई, पोरीनं नशीब काढलं!"

"नशीब कसलं?" जनार्दनराव ताठ झाले. "साऱ्या जगासमोर तीनदा बोलणी खाऊन नोकरी मिळवलीय तिनं. जाऊन वाचा. पुसलेलं नाही काही."