स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेली खुर्ची

आई पडली ती सकाळी, चांगल्या उजेडात, कोरड्या फरशीवर. हे आधी लिहिते, कारण ज्या ज्या गोष्टींची मला भीती वाटत होती त्यांपैकी एकीनेही तिला पाडलं नाही.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली जमीन खरखरीत सिमेंटची होती. वडील गेल्यावर ते घर सोडावं लागलं आणि आम्ही दोघी द्वारकेला, सोसायटीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. तेव्हा तिकडे मेट्रो नव्हती, अर्ध्या इमारती रिकाम्या होत्या. घरात मात्र आरशासारखा घासलेला पांढरा संगमरवर. मला त्या फरशीचा अभिमान वाटायचा. दुसऱ्याच वर्षी आईला पक्षाघाताचा हलका झटका आला. ती सावरली, पण डावं पाऊल नेमकं कुठे पडतंय याचा अंदाज कायमचा गेला.

व्यायाम करून घ्यायला एक पंजाबी मुलगी यायची. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "आंटीजी, घर में भी चप्पल. नंगे पाँव बिल्कुल नहीं."

मी कामाला लागले. गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकले, फोनची वायर भिंतीकडेने नेली, बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतला. आंघोळीला जाताना आई म्हणायची, "चला, बस पकडते." रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या नव्या चपला आणल्या, बाहेरची धूळ कधीच न लागलेल्या. त्याही तिने घातल्या. पण स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ती थांबली. आत ओट्याशेजारच्या कोनाड्यात देव होते.

"बेटा, रसोई में चप्पल हमारे में नहीं चलता."

"भगवान बुरा नहीं मानेंगे, आंटीजी."

"भगवान नहीं, मेरी सास मानेगी."

"वो कहाँ हैं?"

"ऊपर. वहाँ से तो और अच्छा दिखता है."

मी म्हटलं, "देव हॉलमध्ये आणू या का?"

"आण. मग फोडणीही हॉलमध्येच देते."

शेवटी तह झाला. दाराशी एक भक्कम लाकडी खुर्ची ठेवायची. आईने तिच्यावर बसून पट्टे सोडायचे, चपला काढायच्या, आत अंथरलेल्या रबरी चटईवर अनवाणी वावरायचं, आणि बाहेर येताना पुन्हा बसून चपला घालायच्या. स्वतःचा चहा स्वतः करता यावा, एवढंच तिला हवं होतं. दुसऱ्याने हातात आणून दिलेला कप म्हणजे तिच्या लेखी आजारपण. हिवाळा गेला, उन्हाळा सरत आला, आणि ती रोज आपला चहा करत राहिली.

त्या रविवारी मला वरच्या फळीवरचं एक पुस्तक हवं होतं. चढायला ती खुर्ची बरी, म्हणून खोलीत नेली. पुस्तक काढलं, एकच संदर्भ पाहायचा म्हणून उघडलं, आणि त्याच खुर्चीवर वाचत बसले. बाहेर आईच्या चपला वाजत गेल्या, डावी जरा घासत. दाराशी थांबल्या. मला ते थांबणं ऐकू आलं होतं. एवढं पान संपवून उठू, असं मनात आलेलंही आठवतं.

फारसा आवाज झालाच नाही. मी धावले तेव्हा ती दाराला टेकून खाली बसली होती. एक चप्पल बाजूला, दुसरीचा पट्टा टाचेत अडकलेला. "काही नाही गं," ती म्हणाली, पण पाय तिला हलवता येत नव्हता.

शेजाऱ्यांना हाक मारली. ते येईपर्यंत मी खोलीतून खुर्ची आणली आणि दाराशी, तिच्या जागेवर ठेवली. का, ते आजही सांगता येत नाही. आई खालून बघत होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांना, पुण्याहून फोन करणाऱ्या मावशीला, रडवेल्या झालेल्या त्या पंजाबी मुलीला आई एकच सांगत राहिली, "चप्पल अडकली. घाई केली मी." खुर्ची तर सगळ्यांना जागेवरच दिसली होती. ऑपरेशन झालं, ती घरी आली, पण पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत पुन्हा कधी चालली नाही. चहा मी नेऊन द्यायची. ती प्यायची.

थंडी संपायच्या आत ती गेली. अजून सकाळी मी वाचत असले की त्या चपला वाजत येतात आणि दाराशी थांबतात. मी दर वेळी उठते.

जाण्यापूर्वी काही दिवस, दुपारी, मी तिची उशी सारखी करत होते. ती म्हणाली, "ते पुस्तक झालं का गं वाचून?"

"झालं," मी म्हणाले. त्या दिवसानंतर मी ते उघडलंही नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. तिला कूस बदलता येत नव्हती, म्हणून तिने नुसते डोळे मिटून घेतले.