सतरा नंबरचा टॅब

आमच्या वडूजच्या शाळेतल्या शिपाई मावशी तास संपला की मुलांकडून टॅब गोळा करतात. प्रत्येकाची काच पदराने पुसतात, नंबर मोठ्याने म्हणतात, मगच कपाटात चार्जिंगला लावतात.

एकदा सतरा नंबर सापडेना. मी वर्गासमोर त्यांची पिशवी उघडायला लावली. आत जेवणाचा डबा आणि गोळ्यांचं पाकीट निघालं.

घरी गेले तर टॅब लेकीच्या हातात. आदल्या दिवशी कार्टून बघायला मीच नेऊन दिला होता. सकाळी तो गुपचूप कपाटात ठेवला.

"बाई, घावला बगा सतरावा. माजंच ध्यान नसंल काल," मावशी म्हणाल्या. मी हजेरीपट उघडला.

तेव्हापासून घरी निघताना त्या न सांगता माझ्यापुढे पिशवी उघडून धरतात. नको म्हणावं तर का ते सांगावं लागेल, म्हणून मी रोज आत बघते आणि मान हलवते.