कोळी पाहिलात का?

शेणवे गावातल्या आमच्या घरात कुणाला काही चावलं की माझ्याकडे यायचं, ही दहा-बारा वर्षांची रीत होती. साप-विंचू सोडून. गांधीलमाशी, मुंगळा, कोळी, सगळ्याला मी चुना आणि हळद लावायची. माणूस बरा व्हायचा. तो माझ्यामुळे बरा झाला की आपोआप, असं कुणी विचारत नव्हतं.

मग धाकटी जाऊ आली, मुरबाडकडची. लग्नाआधी ती तिकडे एका डॉक्टरांकडे ड्रेसिंगचं काम करायची. दुसऱ्याच महिन्यात सासऱ्यांच्या पोटरीवर लाल चट्टा उठला. मी चुन्याची डबी घेऊन उठले, तर सासूबाई म्हणाल्या, "थांब गो, धाकटीला बघू दे."

तिने पाय साबणाने धुतला, फडक्यात बर्फ गुंडाळून धरला आणि लालीच्या कडेने बॉलपेनाने रेघ मारली.

"लाली रेघेच्या बाहेर गेली तर दवाखान्यात जायाचं," ती म्हणाली.

दोन दिवसांत लाली उतरली. सासरे आल्यागेल्याला पोटरीवरची रेघ दाखवू लागले. शेजारणीही ओटीवर आल्या की तिलाच हाक मारायच्या. मी आत चहा टाकायची, आणि भांडी जरा जोरातच आपटायची.

गेल्या दिवाळीनंतर पेंढा रचताना माझ्या कोपराजवळ काहीतरी टोचलं. संध्याकाळी तिथे लाल फोड. कोळीच, मी ठरवून टाकलं. तिला दाखवायचं नाही, हे तर त्याच्याही आधी ठरलं होतं. चुना लावला आणि वरून लांब बाह्यांचा ब्लाउज घातला.

तिसऱ्या दिवशी हात वाकेना. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पाहिलं.

"ताई, हात दाखवा."

"काय नाय. कोळी चावलाय."

"तुमी पाहिलात का कोळी?"

"नाय."

"मग कोळीच कशावरनं?" तिने बाही वर केली. "पू धरलाय ताई. चुन्यानं कातडीपण भाजलीय. अंग बघा किती तापलंय! मला का नाय सांगितलंत?"

"तुझ्यापुढं मी पण लाइन लावायची का?"

माझ्या तोंडून निघूनच गेलं. ती बराच वेळ हातावर पाणी ओतत राहिली, मग स्वच्छ कापड सैल गुंडाळलं. "याला घरचं औषध नाय. आत्ताच निघू," म्हणाली आणि स्कूटीवर मला शहापूरला घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, कोळ्याचा काही संबंध दिसत नाही, कातडीत जंतू शिरून गळू झालंय. त्यांनी चीर देऊन पू काढला, गोळ्या दिल्या. "हात कुणी धुतला? बरं केलंत," असं ते तिच्याकडे बघून म्हणाले. दुखत होतं तरी तेवढं मला बरोबर ऐकू आलं, आणि लागलंही.

घरी आलो तेव्हा सासूबाई दारातच होत्या. "काय बोललं डॉक्टर?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"ताईंनाच विचारा," ती म्हणाली. "हात त्यांचा हाय."

मी ओटीवर बसले आणि सगळं सविस्तर सांगितलं. हात तिने धुतला, हेही सांगितलं. ते मात्र अगदी शेवटी.