स्पिरिटच्या वाटीतला थेंब

गाडीखाली शिरण्याआधी कादरमिस्त्री चाकामागे बोट फिरवायचे आणि ते नाकाशी धरायचे. बिघाड निम्मा तिथंच कळायचा. "गाडी खोटं बोलस नही, अक्का. माणूस बोलस," असं ते नेहमी म्हणत. मूळचे धुळ्याचे. जळगावात आमच्या दवाखान्यासमोर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं.

माझे यजमान डॉक्टर. त्यांची फेरी जामनेरपर्यंत असे. लढाईच्या दिवसांत मिस्त्रींनी आमच्या गाडीचे ब्रेक उघडून साफ केले, नवं तेल भरलं आणि मला बजावलं, "ब्रेकच्या डबीतलं तेल बोटभर उतरी. घाबरू नका, दुसरं काही टाकू नका. माले हाक मारा."

आठवड्यानं पाहिलं तर तेल खरंच उतरलेलं. शुक्रवार होता, मिस्त्री नमाजला गेले होते. यजमानांची निघायची घाई. घरात इंजिनाच्या तेलाचा डबा होता. तेल ते तेल, म्हणून मी ओतलं. कुणाची वाट पाहत बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता.

चौथ्या दिवशी जामनेरच्या रस्त्यावर ब्रेक लागलाच नाही. गाडी बाभळीवर आदळली, यजमानांचं मनगट मोडलं. बैल जुंपून गाडी घरी आणली. चारही चाकांमागे तेल गळत होतं.

"मिस्त्री, गाडी दुरुस्त केलीत की माझी तिरडी बांधलीत?" यजमान ओरडले. दवाखान्यातले रोगी ऐकत होते.

मिस्त्रींनी बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे वाटीभर स्पिरिट मागितलं. "ब्रेकचं तेल यात विरघळस, इंजिनचं नही," ते मला हळूच म्हणाले. चाकामागचा थेंब त्यांनी वाटीत सोडला. तो तळाशी गोळा होऊन बसला. मग चाकातला रबरी वायसर काढून तळहातावर ठेवला. इंजिनाच्या तेलानं तो भिजल्या हरभऱ्यासारखा फुगला होता.

"डबीले कोनी हात लावेल व्हता का, अक्का?"

यजमान माझ्याकडे पाहत होते. "नाही," मी म्हणाले.

मिस्त्रींनी ती वाटी मातीत उपडी केली. "मंग चूक मन्ही शे, डॉक्टरसाहेब. वायसर कच्चे बसले."

गावात डॉक्टरांच्या शब्दाला वजन. दोन-तीन महिन्यांत त्या गॅरेजसमोर एकही मोटार उभी राहिनाशी झाली. मिस्त्रींनी धुळ्याला परतायचं ठरवलं. निघण्याच्या दिवशी ते न बोलावता आले, आमच्या गाडीच्या चारही चाकांमागे बोट फिरवलं आणि म्हणाले, "कोरडं शे. आता चिंता नही." सांगायचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी चहा विचारला. ते चहा पिऊन गेले.

पुढच्या वर्षी ते वारल्याचं कळलं. तेव्हा मी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी ते एकदा मोडलेलं मनगट चोळलं. मग म्हणाले, "स्पिरिट कशाला हवं, हे मी तिथंच विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंत," मी म्हटलं, "तरी मी नाहीच म्हणाले असते."