दाजूंची बोलणी

काहीही विचारा, दाजू आधी अ‍ॅप्रनला हात पुसायचे, छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "बोलणी चालू आहेत."

अमेरिकेत नेपरव्हिलच्या आमच्या किराणा दुकानात तुम्ही कधी आला असाल, तर मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणारा एक ठेंगणा माणूस पाहिला असेल. तेच ते दाजू, नेपाळीत दादा; सगळं दुकान त्यांना तसंच म्हणायचं. फ्रीझर बंद पडलाय, मेकॅनिक कधी येणार? "बोलणी चालू आहेत." घरी थर्मोस्टॅटवरून माझं आणि ह्यांचं वाजलं आणि मी फणफणत दुकानात शिरले, की हळूच विचारायचे, "दिदी, कितवी फेरी?"

"फिसकटली!" मी म्हणायची, आणि दोघं हसायचो. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, मधूनमधून त्यांची नेपाळी. इथे आपलं मराठीत सांगते.

हे वाक्य त्यांनी कुठून उचललं ते कळलं, तेव्हा मात्र माझं हसू पळालं. दाजू मूळचे दक्षिण भूतानचे. नेपाळी बोलणारे, संत्र्याची आणि वेलदोड्याची बाग असलेले. ऐन तरुणपणी त्यांच्यासारख्या लोकांना देशाबाहेर घालवलं. नेपाळने छावणीला जागा दिली, पण आपलं म्हटलं नाही. मग ह्या दोन चिमुकल्या देशांची शिष्टमंडळं भेटू लागली. कधी ह्यांच्या राजधानीत, कधी त्यांच्या. फोटो, हस्तांदोलनं, जेवणावळी! छावणीत सगळे रेडिओभोवती गोळा व्हायचे आणि बातमी यायची, बोलणी चालू आहेत. तेवढ्या वर्षांत दाजूंचं बांबूच्या झोपडीत लग्न झालं, मुलगा झाला, बायको गेली. त्या बोलण्यांतून दाजूंच्या छावणीतलं एकही माणूस घरी परतलं नाही. शेवटी अमेरिकेने दाजूंना आणि मुलाला घेतलं.

एकदा दुकानात मसाला वेलचीची पाकिटं आली, वर भूतानचं नाव. दाजूंनी पाकीट नाकाशी धरलं. "बघा दिदी, हिला कुणी अडवलं नाही."

त्यांचा दशैं आणि आपलं नवरात्र एकाच वेळी येतं. मी घरी घट बसवायची, ते दुकानाच्या मागच्या खोलीत दह्याच्या रिकाम्या डब्यात जव पेरायचे. दसऱ्याला त्यांच्यात घरातलं मोठं माणूस दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून लहानांना टिळा लावतं आणि कानामागे ते पिवळे कोंब खोवतं. दाजू मुलाला लावायचे. पण दाजूंना कोण लावणार? "माझ्याहून मोठं कुणी उरलंच नाही, दिदी," असं म्हणून ते माझ्यापुढे कपाळ करून उभे राहायचे, कारण मी त्यांच्याहून थोडी मोठी. पहिल्या वर्षी मी एवढं दही घातलं की ओघळ पार नाकापर्यंत आला. "अगं, टिळा लावतेस की दहीभात वाढतेस?" हे गल्ल्यावरून ओरडले.

ह्या वर्षी त्यांच्या मुलाला इमिग्रेशनवाल्यांनी पकडून नेलं. कॉलेजच्या वयात त्याने कुठेतरी मारामारी केली होती, त्याची शिक्षाही भोगून झाली होती. दाजू सिटिझन झाले, त्याचं राहिलं. त्याला विमानात बसवून भूतानला धाडलं. भूतानने लगेच सरहद्दीबाहेर काढलं. पोरगा भारतातून कसाबसा नेपाळात पोचला, तर विनाकागद आलास म्हणून तिथे कोठडीत.

"दोन्ही देश म्हणतात, आमचा नाही," दाजू म्हणाले. हातात मेथीची जुडी तशीच.

"म्हणजे काय! माणूस आहे की परत आलेलं पार्सल?" मी भर दुकानात ओरडले. "आता कुठे गेली ती बोलणी?"

त्यांनी हात पुसले. छताकडे मात्र बघितलं नाही. "मी जातो, दिदी. मी सांगतो, माझा आहे."

"अहो, छातीत स्टेंट आहे. तिथे काही झालं तर कोण आहे तुमचं?"

"टिळा कोजागिरीपर्यंत लावता येतो," ते म्हणाले. एवढंच.

दसऱ्याच्या सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी त्यांना टिळा लावला. एक थेंब ओघळू दिला नाही. उरलेले कोंब त्यांनी टिश्यूत गुंडाळून खिशात ठेवले.

"विमानात गवत नेऊ देतील का हो?"

"बोलणी करीन," म्हणाले आणि हसले. मग ह्यांनी त्यांना एअरपोर्टवर सोडलं.

ते अजून परतलेले नाहीत. अ‍ॅप्रन खुंटीवर आहे, मी तो कुणाला घालू देत नाही. कोजागिरीला त्यांचा फोन आला, तेवढं सांगते.

त्यांना कोठडीच्या आवारात सोडलं नव्हतं. फाटकाच्या गजांतून हात घालून त्यांनी मुलाला टिळा लावला होता. "आणि दिदी, तो पहाऱ्यावरचा शिपाई होता ना, त्याने टोपी काढली. म्हणाला, रजा नाही मिळाली, घरी जाता आलं नाही. बा, मलापण लावा."

"लावलात?"

"लावला की. दोघांना सारखाच."

"मग आता सोडतील ना पोराला?"

पलीकडून, "दिदी, बोलणी..." आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"चालू आहेत, दाजू," इकडून मीच म्हटलं.