नऊ चतकोर

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलं ते हे : दुपारी जेवलो आणि भिंतीवरच्या रेघा मोजल्या.

लेक साताऱ्याला दिलेली. तिनं फोनवर सांगितलेलं, "आबा, आईचं अंग लय उतारलंय. किती खाती ते मोजा." म्हणून बायकोनं चतकोर भाकरी खाल्ली की मी कोळशानं एक रेघ ओढायचो. चार दिवसांत नऊ रेघा झाल्या.

ती म्हणाली, "आवं शाळा शिकलेलं, नऊ चतकोर म्हंजी अख्ख्या किती?"

मी चौथी नापास. पण एवढं येतं. चार चतकोरांची एक भाकरी, दुसऱ्या चारांची आणखी एक, उरला एक चतकोर. "सव्वादोन," म्हणालो.

"शाणं हायसा की!" हसली. मग म्हणाली, "पर पोरीला नऊच सांगा. सव्वादोन ऐकलं तर घरदार टाकून पळत यील. म्हस व्यालीया तिची."

मी फोन लावला. "नऊ झाल्या," म्हणालो. लेक म्हणाली, "नऊ? मग बरं हाय." खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. आकडा तर खराच होता.

बायको भांडी घासायला उठली ती दारातच बसली. बसली ती कलंडली. पुतण्यानं गाडी काढली, मिरजेला नेली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. म्हणाल्या, "अंगात रक्तच नाही, बाबा. जेवण कसं आहे?"

"नऊ," मी म्हणालो.

"नऊ भाकरी?"

"चतकोर."

"किती दिवसांत?"

"चार."

त्यांनी कागदावर नऊ लिहिलं, खाली रेघ मारून चार. शेजारी सव्वादोन. ते मला येत होतंच. मग म्हणाल्या, "आता हे चार दिवसांत वाटा." ते मात्र मी कधी केलंच नव्हतं. दिवसाला अर्धी, वर एक घास. उसाच्या भांगलणीला जायची तेव्हा ही बाई एका बैठकीला दोन भाकरी खायची.

ऊन कलायच्या आत ती गेली. दिवेलागणीला लेक आली. "नऊ म्हणालासा की आबा," एवढंच बोलली. मारलं असतं तर बरं झालं असतं. मला रडूसुद्धा आलं नाही.

कवठे महांकाळहून माझी थोरली बहीण, आक्का, मातीला आली. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकी भाकऱ्या आणते. आक्कानं घास मोडला, ताट सारलं. म्हणाली, "झालं माझं."

सकाळी तिला घेऊन पहिल्या एसटीनं मिरजेच्या दवाखान्याला निघालो. चुलतभाऊ वाटेत आडवा आला. "सुतकात कुठं निघालास रं? मानसं भेटाय येनार."

"बसू दे त्यास्नी."

"आरं, मला काय धाड भरलीया?" आक्का म्हणाली.

"तीबी हेच म्हणायची."

मिरजेत त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली. आक्काला विचारलं, "जेवण?"

"खाती की. तीनदा खाती."

"अख्ख्या किती, त्ये सांग," मी म्हणालो.

आक्कानं मोजायला बोटं उघडली, मग मिटली.

"एकबी न्हाई," म्हणाली.